विहिरीच्या कठड्यावरचे नाव

सायवनजवळचा पाडा, ता. डहाणू
१९ ऑगस्ट १९६३

चिमण यास,

देवजीचे पत्र. तुझे कार्ड मिळाले. टपालवाला बांधावरच भेटला. म्हणाला, "देवजीबाबा, वेरावळहून आलंय. तिकडं कोण तुमचं?" मी म्हणालो, "कोणी नाय. चुकून आलं असेल." असे का म्हणालो ते पुढे लिहीन.

कार्ड तुमच्या बंदरावरच्या डहाणूच्या कारकुनांनी लिहून दिले असे त्यात आहे. त्यांचे अक्षर चांगले आहे. माझे तसे नाही. दुसऱ्या बुकापर्यंत शिकलो, तेही अर्धे, हे तुला माहीतच आहे. पण पाड्यात अजून मीच वाचतो. कोणाचेही कार्ड आले की माझ्याकडेच येते. तुझे कार्ड वाचायला दुसऱ्या कोणाला द्यावे लागले नाही, म्हणून ते माझ्याजवळच आहे. छपरात खोचून ठेवले आहे.

इकडे पाऊस बरा आहे. लावणी झाली. ढवळा बैल गेला, त्याच्या जागी दुसरा घेतला. तो डाव्या अंगाला ओढतो. तुझी वहिनी पुतळी गुडघ्याने हैराण आहे, पण तोंड चालू आहे. आता तिला पाण्याला ओहोळावर जावे लागत नाही. आपल्या खालच्या तुकड्यात विहीर झाली. सरकारी मदतीतून. पाणी गोड आहे. अकरा घरे तिचेच पाणी पितात.

तू विचारलेस की तुझ्या बायकोने, जिवलीने, दुसरा नवरा करून दुसरे घर केले ते कोणत्या गावी, आणि ती सुखात आहे का. ती बरी आहे. आज इतकेच लिहितो.

कापणीला येऊ का म्हणून विचारलेस. आत्ता नको. ओहोळाला पाणी फार आहे, रस्ता खचला आहे, वाटेत आजार आहेत. मी कळवीन तेव्हा ये. मी कळवल्याशिवाय येऊ नकोस. नऊ वर्षांपूर्वी मी चारचौघांत तुझ्या तोंडात मारली आणि तू घर सोडलेस, तोच राग धरून हे लिहितो असे समजू नकोस. बैल सावकाराच्या गवतात शिरला तो तुझ्या चुकीने नव्हे, दावे कुजले होते. दावे मी बदलायला हवे होते.

देवजी

१५ सप्टेंबर १९६३

चिमण यास,

तुझे दुसरे कार्ड आले. त्यात एकच ओळ आहे, की ओहोळाचे पाणी दरवर्षी गणपतीनंतर उतरते हे मला ठाऊक आहे, खरे काय ते लिही.

म्हणून लिहितो. पण पत्र वाचणाऱ्या कारकूनसाहेबांना हात जोडून विनंती, की इथून पुढचे दुकानात मोठ्याने वाचू नये. चिमणला बाजूला घेऊन वाचावे. तिथे डहाणूची आणखी माणसे असतील.

जिवलीने दुसरे घर केले नाही. ती आपल्याच घरी आहे. पडवीची बाजू तिच्याकडे आहे. रागाने पत्र फाडू नकोस, आधी पुरते ऐक.

तू गेलास त्याला तिसरे वर्ष लागले होते. १९५७ सालचा फेब्रुवारी. नवे ग्रामसेवक आले होते, सदानंद नावाचे, तरुण, सायकलवर फिरत. त्यांनी पाड्यात येऊन सांगितले की विहीर खणायला सरकार पैसे देते. निम्म्याहून जास्त, आणि ते परत करायचे नाहीत. खड्डा अर्धा झाला की एक हप्ता, पाणी लागले की दुसरा, बांधून झाली की तिसरा. आमचा कोणाचा विश्वास बसेना. पुतळी म्हणाली, "फुकट देतंय सरकार? मग तुमची मिशी मागून घेईल." सदानंद हसले. त्यांनी आपला खालचा तुकडा पाहिला, पळसाजवळ पाणी आहे म्हणाले, आणि अर्जात आपले नाव घातले.

कचेरीत गेलो तर कागदावर आपली दोघांची नावे. जमीन दोघांची, तेव्हा दोघांच्या सह्या हव्यात. सदानंद म्हणाले, "भावाला घेऊन या."

मी म्हणालो, "तो बोटीवर गेला. तीन वर्षं पत्ता नाय."

"मग बेपत्ता लिहू? बेपत्ता लिहिलं की चौकशी आली, पोलीस पाटील आला. वर्ष जाईल, बाबा. मार्च अखेर झाली की हे पैसे परत जातात, विहीर दुसऱ्या गावाला. नीट सांगा, भाऊ जिवंत आहे की मयत?"

त्यांनी साधे विचारले. त्यांच्या मनात काही नव्हते. हातात टाक होता आणि मागे माणसे उभी होती. मला पुतळी आणि जिवली दिसल्या, वैशाखात ओहोळाच्या वाळूत डवरा उकरून, त्या खड्ड्यात झिरपलेल्या पाण्याने वाटीवाटीने हंडा भरणाऱ्या. मी म्हणालो, "मयत."

एक शब्द बोललो. पुढे काय होईल हे खरोखर मनात आले नाही.

त्यांनी सांगितले, पाड्यातल्या पाच माणसांचे अंगठे आणा. आमची माणसे अंगठा द्यायला तयार, पण म्हणाली, "देवजी, दिवस केल्याशिवाय मेला असं आम्ही कसं सांगायचं? उद्या देव विचारील." म्हणजे कागदासाठी तुझे दिवस करावे लागले. गवताचा पुतळा केला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला, तुझा कोयता उशाशी ठेवला. माळावर नेऊन जाळला. जिवलीच्या बांगड्या बायकांनी ओट्यावर फोडल्या. मग पाचही जणांनी अंगठे दिले.

त्या महिन्यात चिंचणीकडचा एक मचवा उलटला अशी बातमी होती. आम्हाला वाटले त्यात तू असशील. म्हणून तसे केले. लोकांनीही तेच धरले.

विहीर पुढच्या वर्षी पुरी झाली. कठड्याचे सिमेंट ओले असताना ओवरसियर म्हणाला, मालकांची नावे लिहा. मी खिळ्याने लिहिली. आधी माझे, खाली तुझे, आणि तुझ्या नावाआधी कै. लिहिले. तसे लिहिणे भाग होते. तुला पत्र लिहिताना नावाआधी चि. लिहिले नाही ते याचसाठी. हात तोच आहे.

आता तू एकदम पाड्यात उभा राहिलास तर काय होईल याचा विचार कर. खोटा जबाब दिला म्हणून सरकार पैसे परत मागेल, मला कोठडीत घालेल. म्हणून म्हणतो, थोडे थांब.

देवजी

१३ ऑक्टोबर १९६३

चिमण यास,

तू उत्तर पाठवले नाहीस. कारकूनसाहेबांनी स्वतःच्या नावाने कार्ड टाकले. लिहिले आहे, चिमण पत्र ऐकून उठून गेला, दोन दिवस कामावर आला नाही, आता येतो. आणि खाली लिहिले आहे, "त्याला एकच विचारायचे आहे. जिवलीने दुसरे घर धरले असा निरोप त्याला कोणी धाडला?"

हे तू विचारशील हे मला माहीत होते. मागच्या पत्रात ती जागा मी ओलांडून गेलो. तुला आठवत नसेल अशी आशा केली. माणूस किती मूर्ख असतो.

आधी इथले सांगतो, कारण ते आता थांबणारे नाही. तलासरीचा लडक्या जिवलीला मागायला आला. बायको मेलेला, कष्टाळू माणूस आहे. दारू पीत नाही. दोन माणसे घेऊन आला आणि माझ्यासमोर बसला, कारण घरातला मोठा मी. जिवलीने आजवर तीन जणांना परत पाठवले. या वेळी तिने नकार दिला नाही. नंतर पुतळीला म्हणाली, "भात झोडून झालं की सांगते. पुढं म्हातारपणी एकटीनं कसं काढायचं, भीती वाटते." लडक्या भात झोडून होईपर्यंत थांबणार आहे. म्हणजे डिसेंबर.

तो उठून गेल्यावर पुतळीने छपरातून सूप काढले आणि तुझी कार्डे खाली पडली. तिला वाचता येत नाही, पण मी कसा झडप घालून उचलली ते तिने पाहिले. तिने दार लावले आणि मला बोलते केले. सगळे ऐकून म्हणाली, "वाघाला भ्याला नाय तुम्ही, अन् कागदाला भ्याले. त्या पोरीला सांगा. नायतर मी सांगते." मी तिच्याकडून भात झोडेपर्यंतची मुदत मागून घेतली. लडक्याला दिली तेवढीच.

आता तुझ्या प्रश्नाचे उत्तर. मचवा उलटल्याची बातमी खरी होती. कोणता मचवा, हे मी कोणाला विचारले नाही. विचारले असते तर कळले असते.

मयत हा शब्द मी गुरुवारी बोललो. तुझे दिवस पुढच्या बुधवारी करायचे ठरले. मध्ये सायवनचा बाजार होता. तिथे चिंचणीची चंद्रावती सुके बोंबील घेऊन बसायची, भाताच्या बदल्यात बोंबील द्यायची. तिने मला हाक मारली. "अरे सायवनवाल्या, चिमण तुझाच भाऊ ना? माझ्या दिराच्या बोटीवर आहे. सांगितलंय, होळीला घरी येतो. बायकोला सांग म्हणाला, लुगडं घेतलंय."

ऐकलेस? दिवस करायच्या चार दिवस आधी मला माहीत होते की तू जिवंत आहेस. तिथून उठून कचेरीत जाऊन एक शब्द बदलता आला असता. पाच माणसांना सांगता आले असते की करू नका. मी टोपलीसमोर उभा राहून हिशोब केला, की होळी मार्चात येते आणि पैसे मार्चअखेर परत जातात. तू होळीला आलास तर विहीर गेली. मनात म्हटले, विहीर होऊ दे, मग बोलावून घेऊ. आणि चंद्रावतीला म्हणालो, "त्याला सांग, येऊ नको. जिवलीने दुसरं घर धरलं. लोक हसतील."

ती म्हणाली, "अगं बाई. मग लुगड्याचं काय करील तो?"

हे तिचे बोलणे मी साडेसहा वर्षे ऐकतो आहे. बोंबिलाचा वास आला की ऐकू येते.

पहिला हप्ता मिळाला तेव्हा म्हटले, आता कळवू. मग वाटले, खड्डा अर्धा आहे, दुसरा हप्ता होऊ दे. मग तिसरा. मग नावे लिहून झाली. मग वाटले, आता जिवलीला काय तोंड दाखवू. मग नुसती वर्षे गेली. विहीर खणताना माती काढायला बायका लावल्या होत्या, त्यात जिवली होती. बांगड्यांविना मोकळ्या हातांनी पाट्या भरायची. एक दिवस खालून मला म्हणाली, "दादा, त्यांना पाणी लागलेलं बघायला मिळालं नाय." मी वर काठावर उभा होतो. मी म्हणालो, "हो ना."

देवजी

१७ नोव्हेंबर १९६३

चिमण यास,

तुझे कार्ड नाही. कारकूनसाहेबांचेही नाही. तरी लिहितो.

मी जिवलीला अजून सांगितलेले नाही. रोज ठरवतो. ती डोक्यावरचा पदर ओढून माझ्यासमोरून जाते, थोरल्या दिरासमोर जावे तशी, खाली बघत. तिने मान वर केली असती तर बोललो असतो असे वाटते. ही सबब आहे हे मला कळते.

पण एक काम केले. आधी सरकारला सांगावे असे ठरवले. तिथे शिक्षा झाली की मग जिवलीला सांगणे सोपे जाईल असे वाटले. घोंगडी, भाकरी आणि तुझी दोन्ही कार्डे घेऊन कचेरीत गेलो. कोठडीत ठेवतील म्हणून पुतळीला कापणीचे सगळे समजावून गेलो. ती म्हणाली, "जा जा. तुम्हाला पोसायला सरकारकडे एवढं भात नाय."

सदानंद कधीच बदलून गेले. आता पंचायत समिती झाली, नवी माणसे आली आहेत. एका टेबलापुढे उभे राहून मी सगळे सांगितले. भाऊ मयत लिहिला, तो जिवंत आहे, अनुदान खोटे बोलून घेतले, काय ते करा.

तो लेखनिक चहा पीत होता. "कोणत्या सालची विहीर?"

"सत्तावन."

"पाणी आहे का तिला?"

"आहे. उन्हाळ्यातही आहे."

"मग झालं की, बाबा. पाणी नसलेल्या विहिरींच्या तक्रारींनी कपाट भरलंय. तुमची विहीर बांधून पुरी, कागद बंद."

मी म्हणालो, "पण भाऊ जिवंत आहे."

"चांगलं आहे. त्याला म्हणावं, तलाठ्याकडे जाऊन नाव लावून घे." मग शेजारच्या टेबलाकडे वळून म्हणाला, "ऐकलं का? लोक जिवंत माणसाची तक्रार घेऊन येतात." दोघे हसले. वाईट मनाने हसले नाहीत. मला पाणी दिले, बसची वेळ सांगितली.

चिमण, साडेसहा वर्षे मी ज्याला भ्यालो ते तिथे कोणाच्या आठवणीतही नव्हते. खाकी कपडे दिसले की मी शेताच्या बांधाआड जायचो. तुझे नाव निघाले की उठून जायचो. त्या भीतीला कारण होते असे मी मानत होतो, आणि त्यावर दोन माणसांची वर्षे ठेवली होती. शिक्षा द्यायला तिथे कोणी नाही. घोंगडी तशीच परत आणली.

भात कापून झाले. उद्यापासून झोडणी.

देवजी

८ डिसेंबर १९६३

चि. चिमण यास, तुझा भाऊ देवजी याचे पत्र.

सांगितले. मंगळवारी, खळ्यावर, दिवसाउजेडी. पुतळी होती. जिवली भाताची पेंढी फळीवर आपटत होती. मी समोर जाऊन म्हणालो, "जिवली, चिमण जिवंत आहे. वेरावळला आहे. मला ठाऊक होतं."

ती थांबली नाही. ती पेंढी पुरी झोडली, पेंढा बाजूला टाकला. मग विचारले, "कवापासून?"

"दिवस केले त्याच्या आधीपासून."

"बांगड्या फोडल्या त्याच्या आधी?"

"हो."

"मी विहिरीत माती भरत होते तवा?"

"हो."

"मी खालून बोलले तुम्हाला काहीतरी. तवा तुम्ही 'हो ना' म्हणाले."

तिला आठवत होते. मला वाटायचे ते मला एकट्यालाच आठवते.

मग तिने डोक्यावरचा पदर मागे सारला आणि माझ्याकडे पाहिले. एकोणीस वर्षे ती या घरात आहे, मी तिचा चेहरा नीट पाहिला नव्हता. ती म्हणाली, "विहिरीसाठी मला विचारलं असतं तर मी अंगठा दिला असता. जिवंत असताना दिला असता. त्यांनीपण दिला असता. तुम्ही विचारलंच नाय कोणाला."

रडली नाही. ओरडली असती तर बरे झाले असते. घरात गेली, हंडा घेतला आणि विहिरीवरून पुढे ओहोळाकडे गेली. डवरा सहा वर्षांत बुजून गेला होता. तिने हाताने उकरला. तेव्हापासून ती तिथूनच पाणी आणते. तिसऱ्या दिवशी पुतळीही तिच्याबरोबर निघाली, दुखऱ्या गुडघ्यांनी. मी म्हणालो, तू कशाला? तर म्हणाली, "तुमच्या सरकारचं पाणी तुम्ही प्या." म्हणून आता घरात दोन हंडे आहेत. ओहोळाचा त्यांचा. विहिरीचा माझा, तो मी स्वतः काढतो.

पाड्यालाही सांगितले. अंगठे दिलेल्या पाचांपैकी तीन माणसे जिवंत आहेत. देव विचारील म्हणणारा म्हातारा एवढेच म्हणाला, "आता आम्ही काय उत्तर द्यायचं, तेपण तूच वाचून सांग." माझ्याकडे कार्ड वाचायला आता कोणी येत नाही. शाळेच्या मास्तरांकडे जातात.

कठड्यावरचे कै. छिन्नीने काढले. जागा खरवडलेली दिसते. ते पाहून जिवली म्हणाली, "ते कशाला उकरत बसले? आधी कागद घ्या अन् मी सांगते ते लिहा. एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाय." ती आत्ता समोर बसली आहे. पुढचे तिचे बोलणे आहे.

"मी जिवली सांगते. तू मेलास म्हणून मी रडले. ते रडणं खरं होतं, ते फुकट गेलं. दादांनी मला खोटं सांगितलं, तुलापण खोटं सांगितलं. दादा भित्रा माणूस आहे, लिहा दादा, भित्रा लिहा, अन् भित्र्या माणसानं वाईट केलं. पण तू तर भित्रा नव्हतास. बाजारातल्या बाईच्या एका बोलण्यावर तू मला सोडून दिलंस. एकदा येऊन बघितलं असतंस तर मी इथंच होते, आपल्याच दारात. चिंचणी काय फार लांब आहे? मी तुला मेलेला मानलं ते दिवस केल्यावर. तू मला गेलेली मानलंस ते काही न करताच.

"लडक्याला मी हो सांगितलं नाय. नायपण सांगितलं नाय. खरं काय ते सांगून टाकलं. तो म्हणाला, होळीपर्यंत थांबतो. माणूस चांगला आहे, हे तुला ठाऊक असावं म्हणून सांगते.

"तुला यायचं तर होळीच्या आधी ये. दादांकडे जाऊ नको, विहिरीवरपण नको. मी सकाळी ओहोळाच्या डवऱ्यावर असते, तिथं ये. तुला बघीन, मग काय ते मी ठरवीन. तू नाय, दादा नाय. लुगडं असलं तर आण. नसलं तर विकत घेऊन आणू नको."

इथे तिचे संपले.

मी तिला वाचून दाखवले. तिने विचारले, "भित्रा लिहिलं?" मी बोट ठेवून दाखवले. ती त्या अक्षरांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही वाचलंत ते झालं. आता मास्तर वाचतील."

म्हणून हे पाकीट मी बंद करत नाही. ती ते उघडेच मास्तरांकडे नेणार आहे. सगळे वाचून घेईल, आणि तिने सांगितले तसे असेल तरच तिथल्या पेटीत टाकील. हे पत्र तुझ्या हातात पडले तर समज, या वेळी मी कोणाचा निरोप बदलला नाही.

देवजी